ध्रुपद दोनदाच

"पुन्हा एकदा! डोळे मिटून!" शामकांत अमोलिक गरजले आणि त्यांनी पेटीचा भाता आणखी जोरात हाणला.

मंडळींनी निमूट डोळे मिटले. "तुझ्या दारी उभा मी, घे मला आत" हे ध्रुपद नवव्यांदा सुरू झालं. तिसऱ्या रांगेतल्या स्मिताबाई भांबळ मिटल्या डोळ्यांनी बोटं मोजत होत्या. एवढ्या वेळा सांगितल्यावर दगडानेसुद्धा आत घेतलं असतं, असं त्यांचं मत होतं. मागच्या टेबलावर त्यांची बिर्याणी गार होत होती. अकराव्या फेरीनंतर एकदाचं "आमेन" झालं. सगळ्यांनी डोळे उघडले. पुढच्या खुर्चीत पाळकसाहेब यशोधन हात जोडून, प्रसन्न मुद्रेने बसले होते.

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या एका चर्चचा वरचा हॉल मराठी मंडळीला रविवारी नऊ ते साडेदहा मिळायचा. साडेदहाच्या ठोक्याला फिलिपिनो लोक ड्रम घेऊन दारात हजर. म्हणजे शामकांतरावांनी पहिल्याच गीतात पाव तास खाल्ला की पुढचं सगळं धावतपळत. त्या दिवशी जेवणाआधीच पंचांची बैठक बसली.

"अकरा वेळा!" स्मिताबाईंनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, तरी एक कमी पडलं. "आणि वर डोळे मिटा म्हणे. आम्ही काय लपंडाव खेळायला येतो?"

"अंकल, टू टाइम्स इनफ लाह," अश्लेषा म्हणाली. ही बँकेत कामाला, इथेच वाढलेली. गिटार वाजवायची आणि गीतं पडद्यावर दाखवायची, तीही रोमन लिपीत. शामकांतरावांची जागा तिला द्यावी अशी कुजबुज वर्षभर चालली होती.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "मला स्वतःला ध्रुपद दोन-तीनदापेक्षा जास्त ऐकल्याचं आठवत नाही. पण मंडळी म्हणते म्हणजे असेल. वेळेचं भान हवंच, शामराव. पुढच्या रविवारी दोनदाच. नाहीतर गायन अश्लेषाकडे."

शामकांतरावांनी खुर्ची पुढे ओढली. "दोनदा म्हणजे अगदी दोनदाच?"

"दोनदाच."

"पाळकसाहेब, नीट विचार करून सांगताय ना?"

"अहो, यात विचार कसला करायचा?"

शामकांतराव आठवडाभर गीतांची वही चाळत राहिले. जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसमध्ये जाता-येता गीतं निवडायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. बायको गेल्यापासून तर त्या पेटीशिवाय त्यांना रविवारच नव्हता. ती सोडायची म्हणजे जिवावरच येणार. दोनदा म्हणायचं आणि थांबायचं, एवढंच तर होतं. शेंबडं पोरही करेल.

रविवार आला. ध्रुपद दोनदा झालं. शामकांतरावांनी मान वळवून पेटीमागच्या बाजूच्या दरवाजाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि जीव एकवटून ओरडले, "पुन्हा एकदा! डोळे मिटून!"

त्या दिवशी चौदा वेळा झालं. स्मिताबाईंना पायाची बोटं वापरावी लागली. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा पाळकसाहेब पुढच्या खुर्चीतून दुःखाने मान हलवत होते. उपासना संपल्यावर शामकांतरावांनी कुणी काही म्हणायच्या आत पेटी बंद केली, तिच्यावर बायकोने शिवलेली खोळ चढवली आणि बिर्याणी न खाता घर गाठलं. हट्टी म्हातारा, मंडळी म्हणाली. हातचं घालवलंन.

पुढच्या रविवारी ठीक नऊ वाजता अश्लेषाने गिटार छेडली. शामकांतराव शेवटच्या रांगेत, मांडीवर रिकामे हात ठेवून बसले होते. पडद्यावर रोमन अक्षरं झळकली. कडवी झाली. ध्रुपद एकदा. ध्रुपद दोनदा. आमेन. डोळे कुणी मिटलेच नव्हते.

"प्लीज बसा," अश्लेषा म्हणाली. "आता पाळकसाहेब प्रार्थना करतील."

नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. स्मिताबाईंनी समाधानाने घड्याळ पाहिलं. मग पुढची खुर्ची पाहिली. ती रिकामी होती.

सगळे वाट पाहू लागले. पाच मिनिटं गेली. कुणीतरी खोकलं. अश्लेषाने उगाच गिटारची एक खुंटी पिळली. पाळकसाहेब समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायचे, चालत तीन मिनिटं. मग गेले कुठे?

नऊ वाजून अकरा मिनिटांनी बाजूच्या दरवाजाची मूठ हळूच फिरली. दार वीतभर उघडलं. आधी आत आली कोपीची, म्हणजे इथल्या कडक कॉफीची, प्लास्टिकची पिशवी, दोरीला लटकत. मागोमाग, करकर वाजू नयेत म्हणून हातात घेतलेले बूट. आणि मग चवड्यांवर, ओल्या केसांचे पाळकसाहेब. अंगवळणी पडलेल्या सफाईने त्यांनी खुर्चीच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं की गाणं चालू नाही.

हॉलमधले ऐंशी डोळे त्यांच्याकडे बघत होते.

स्मिताबाईंची बोटं आपोआप हलू लागली. नऊ, अकरा, चौदा. पाळकसाहेब आल्यापासूनच्या चार वर्षांतले सगळे रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी मागे वळून शामकांतरावांकडे पाहिलं. हॉलमधल्या प्रत्येकाने वळून पाहिलं.

पाळकसाहेब हलेनात. त्यांचा चेहरा कोपीपेक्षा काळा पडला होता. शेवटच्या रांगेत शामकांतराव उठून उभे राहिले, पेटी नाही, माईक नाही, आणि गरजले, "पुन्हा एकदा! डोळे मिटून!"

सगळ्यांत आधी डोळे मिटले ते स्मिताबाईंनी.