सत्तर किलोमीटर

मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्या रितिकानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मागं समुद्र, बाजूला सायकल, अन् खाली एक ओळ: "वर्सोवा ते कुलाबा आणि परत. दिवसभरात सत्तर किलोमीटर, एकटीनं!"

तेव्हापासून तिच्या बाबांनी नंदनवन वस्तीतलं आमचं घर डोक्यावर घेतलं होतं.

"पोरीची जात, अन् दिवसभर एकटी समुद्राच्या काठानं हिंडून राहिली! लोकं काय म्हणतीन? फोन लाव वं तिले. उद्याच्या उद्या ते सायकल विकून टाक म्हणा!"

"बाबा बरोबर बोलून राहिले, आई," सोफ्यावर लोळत पियूष म्हणाला. तिचा मोठा भाऊ. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी याला बाईक लागते.

"मले हेच समजून नाही राहिलं," हे पुन्हा ओरडले, "इतक्या लांब एकटीनं सायकल माराची सवय तिले लावली कोनं?"

माझं टाळकंच फिरलं. पोळी तव्यावर जळत सोडून मी बाहेरच्या खोलीत आले.

"कोनं लावली? सांगू? तीन वर्षं कामठीच्या कॉलेजात रोज बत्तीस किलोमीटर सायकल मारत होती ते. मे महिन्याच्या उन्हात पेपरले बी तशीच गेली."

 मी तिथंच थांबले नाही.



"पियूषले नवी बाईक आणली त्या दिवशी त्याची जुनी सायकल तिच्यापुढं ढकलून तुमीच म्हणाले होते, 'कामठी काय लांब आहे? जाते पोरगी एकटी!'"