सारवलेल्या अंगणातली पावलं

महाडच्या अरफातनं आमच्या कापडे गावातल्या घराला कॅमेरा बसवला, पण एक कौल फुटू दिलं नाय. असा कारागीर तालुक्यात नाय. कॅमेरा चालला नाय, तर माझा लेक राजेश मला इथं एकटीला ठेवणार नव्हता. मुंबईला नेणार होता.

अरफातनं कॅमेरा टीव्हीला जोडला, तसं मी सकाळी सारवलेलं अंगण पडद्यावर दिसलं, माझ्या बोटांच्या रेघांसकट. त्यावर पावलं उमटलेली. उजव्या पावलाला अंगठा नाय.

दारातून बघितलं, तर अंगण कोरं.

राजेशच्या बापाचा उजवा अंगठा नांगरानं गेला होता. सहा वर्षांमागं बापही गेला.

अरफातनं वायर बदलली. पडद्यावर पावलं उंबऱ्याशी आली.

"काकी, कॅमेरा बिघडलाय."

"तुझ्या हातचं काम बिघडतंय होय रे? राजेशला सांग, आई एकटी नाय."

आत चुलीपाशी जेवायचा पाट सरकला.