सात नंबरचा खण

फ्रान्सच्या लियाँ शहरातल्या ओदिलच्या खानावळीत भिंतीला लाकडी खणांचं कपाट होतं. रोजच्या गिऱ्हाइकानं जेवण झालं की नॅपकिनची घडी करून आपल्या खणात ठेवायची, ही तिच्या सासऱ्यांच्या वेळची रीत.

परदेशी पाहुणी ते बघून हरखलीच. "अशी अस्सल जागा शोधत चार शहरं पालथी घातली हो! हा सात नंबर कुणाचा?"

"गास्पारकाकांचा. एकवीस वर्षं याच खिडकीपाशी जेवतात. सुपात मीठ कमी पडलं तर अख्ख्या खानावळीला ऐकवतात."

"आज दिसत नाहीत?"

"येतीलच," म्हणत ओदिलनं खिडकीजवळचं टेबल पुसून पाहुणीला तिथं बसवलं.

याच टेबलासाठी वसंतात ती म्हणाली होती, "काका, पर्यटक खिडकीच मागतात हो. तुम्ही उद्यापासून जरा आत बसाल?"

त्या दिवशी सुपात मीठ कमी होतं, तरी काका काही बोलले नाहीत. त्यांनी नॅपकिनची नीट घडी केली आणि खिशात घालून निघून गेले.

सातव्या खणातला नॅपकिन ओदिलनंच नवा आणून ठेवला होता. दर सोमवारी ती तो धुवायची. त्यावर डाग कधीच नसायचा.