फ्लास्कमधलं आमिष

प्रयोगशाळेतला फ्लास्क पुन्हा कोणीतरी हलवला होता. सरांनी चिठ्ठीची बाजू मुद्दाम आत वळवून ठेवली होती. आता ती पेशी उबेत वाढवायच्या इनक्युबेटरच्या दाराकडे तोंड करून निर्लज्जपणे बघत होती. आतला गुलाबी द्रवही घोटभर उतरलेला.

संशय शेजारच्या टेबलावरच्या बाईंवर होता. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण सरांचे डोळे उघडे होते.

चोरण्यासारखं होतंही. माणसाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी शरीराबाहेर वाढवल्या की काही आठवड्यांत थकतात, अंगावरच्या तारुण्याच्या खुणा टाकून देतात. सरांच्या पेशी निवृत्तीचं नाव काढत नव्हत्या. हा शोध आधी बाईंच्या नावानं छापून आला, तर सरांचं उभं आयुष्य तळटिपेत जाणार होतं.

संशयानं तुम्हाला पोखरलंय, वजन बघा किती उतरलंय, असं बायको म्हणाली. चोर सापडला की भरून येईल, असं सरांनी ताट बाजूला सारत सांगितलं.

मग सापळा लागला. खरा फ्लास्क वरच्या मजल्यावर गेला. त्याच नावाची चिठ्ठी लावून जागेवर दुसऱ्याच रक्तातल्या पेशी आल्या. चारचौघांसारख्या माणसाच्या, चारचौघांसारख्या पेशी. बाई चोरीचा माल मशीनवर तपासणार आणि तोंडावर आपटणार.

आठवड्याच्या आत बाई आल्या. दार लावून समोर बसल्या.

"तुमच्या फ्लास्कमधून मी नमुने घेत होते, सर. चोरून. तुमचे आकडे मला खरे वाटेनात."

सरांना आतून गुदगुल्या झाल्या. "मग? पटले?"

"आधीचे पटले. माफीच मागणार होते. पण कालचा नमुना वेगळ्याच माणसाचा आहे."

"ओळखलंत म्हणायचं," सर मिशीत हसले.

"हसू नका. त्यात एका जातीच्या पेशींवर दुसऱ्या जातीची खूण आहे, आणि सगळ्या एकाच छापाच्या. हा रक्ताचा कर्करोग आहे, सर. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. आजच कळवा त्याला."

सरांचं हसू मिशीतच अडकलं. प्रयोगात स्वतःचं रक्त वापरायचं नाही, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. पण सापळ्यासाठी दुसऱ्या कोणाकडे रक्त मागावं, इतका त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता.