फाल्गुनातली पाहणी

सकाळी सात वाजता भोपाळहून पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांची जीप ग्वाल्हेरहून शिवपुरीच्या जंगलात पोचली. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानाच्या शिकारखान्यात असलेले विश्वासराव शेळके आता इथं येणाऱ्या लोकांना जंगल दाखवत. संस्थान विलीन होऊन भोपाळ राजधानी झालेल्या नव्या राज्यात त्यांची जागा ठेवायची की नाही, हे साहेबांच्या अहवालावर ठरणार होतं.

पाहणीला कधी येऊ, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा विश्वासरावांनीच कळवलं होतं, "डिसेंबरात फार गर्दी असते, साहेब. फाल्गुनात या. पानं झडलेली असतात, जनावर निवांत दिसतं."

तळ्याकाठी वाघीण दिसली. साहेब खूश झाले.

"आपने सही कहा था, शेळकेजी. दूर तक कोई नहीं."



संध्याकाळी साहेबांनी अहवालात लिहिलं : दिवसभरात एकही पर्यटक आढळला नाही, सबब ही जागा कमी करावी.