लाडवांची पिशवी

सुनेला तोंड म्हणून नव्हतंच, हीच द्वारकाबाईंची तक्रार. काहीही बोला, नंदीबैलासारखी मान हलवायची. आज मॅक्रिची तलावावर फिरायला निघतानाही निशिगंधा एवढंच पुटपुटली होती, "आई, पिशवी नको, तिथे माकडं असतात." पुटपुटणाऱ्याचं कोण ऐकतं?

आता तलावाकाठी एक दांडगं माकड त्याच पिशवीसमोर दात विचकून बसलं होतं. नात आजीच्या पदराआड लपली होती.

"माझ्या हातचे लाडू तुला देऊ होय रे, मेल्या?" म्हणत द्वारकाबाईंनी छत्री उगारली. माकड चवताळून पोरीच्या अंगावर आलं.

"छत्री खाली!" निशिगंधा कडाडली. "पिशवी सोडा म्हणते ना! आणि एक शब्द बोलू नका!"

द्वारकाबाईंवर उभ्या जन्मात कुणी आवाज चढवला नव्हता. पिशवी हातातून आपोआप सुटली. ती घेऊन माकड झाडावर पसार झालं.

निशिगंधाने लेकीला उराशी धरलं. मग तिला सासूचा चेहरा दिसला आणि तिचा स्वतःचाच रंग उडाला. "आई, चुकलं माझं."

"चुकलंच!" द्वारकाबाई म्हणाल्या. "एवढा खणखणीत आवाज घरात असताना इतकी वर्षं मला एकटीलाच भांडायला लावलंस."