चाळिशीतली साक्षीदार

पडद्यावर केसांत रुपेरी बट असलेली बाई उमटली आणि सतरा वर्षांची वल्लरी खुर्चीत पुढे सरकली. ती चाळिशीतली वल्लरीच होती. मुलांनी कुणाकडे राहायचं, हे न्यायालय आता यंत्राने घडवलेल्या त्यांच्या मोठेपणीच्या प्रतिमेलाच विचारी. वल्लरीला मावशीकडे जायचं होतं.

"तुम्ही वडिलांकडेच वाढलात. कशा आहात?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईने आधी चोरून वडिलांच्या खुर्चीकडे पाहिलं. "सुखात आहे, साहेब. बाबा फार जपतात."

वल्लरी ताडकन उभी राहिली. घरात साधं पाणी प्यायला उठतानाही ती अशीच बाबांकडे बघायची.

"साहेब, ती घाबरून बोलतेय!"

न्यायाधीश मायेने हसले. "बाळ, ती तुझ्याहून मोठी आहे. तिला जास्त कळतं."